कॉलेजचा सातबारा

बारावीचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुलतानपुरात होतो. लोणार तालुक्यातलं हे आमचं गाव. अंगणातल्या बाजेवर पुतणी वही घेऊन बसली होती, शेजारी भाऊ, आणि पेढे खायला आलेले दोघे शेजारी. वहीच्या मागच्या पानावर तिने सहा नावं लिहिली होती: सेंट झेवियर्स, सोफिया, विल्सन, सेंट मीरा, हिस्लॉप, एस. एफ. एस.

भाऊ म्हणाला, "ह्यातलं सिस्टरांचं कोणतं ते सांग. शिस्त असते तिथं. तिले तिथंच टाकतो."

पहिले शेजारी पेढा हातात धरून थबकले. "अन् धर्म बदलवला त मंग?"

दुसरे हसले. "तो प्रश्नच येत नाही भाऊ. आपल्याले तिथं घेतातच कुठं? एका पोराले एकोणनव्वद टक्के होते, नाही लागला नंबर. अन् सत्तरवाला आत गेला!"

शिस्त, धर्मांतर आणि 'आपल्याला घेत नाहीत' हे तीन समज मी गेली कित्येक वर्षं प्रवेशाचे फॉर्म भरून देताना ऐकत आलोय. तिन्हींत थोडं तथ्य आहे आणि पुष्कळ गैरसमज. एकोणनव्वदवाल्याला न मिळालेली जागा सत्तरवाल्याला कशी मिळाली, हे कोडं मात्र खरं आहे. त्याचं उत्तर आहे, आणि त्यात वशिला नाही.

भाऊ जमीन घेतो तेव्हा बांधावरची आंब्याची झाडं पाहून सौदा करत नाही. आधी सातबारा काढतो. नमुना सातवर मालक कोण ते पाहतो, 'इतर हक्क' या रकान्यात कुणाचा बोजा आहे ते पाहतो, आणि नमुना बारावर पीक कोणतं येतं ते. कॉलेजचंही असंच बघायचं असतं, फक्त तो उतारा तलाठ्याकडे मिळत नाही.

पाटी फसवते

आधी नावं. 'सेंट' दिसलं की चर्चचं, असा आपला हिशेब असतो. पुण्याचं सेंट मीरा कॉलेज घ्या. ही मीरा म्हणजे आपली मीराबाई. साधू वासवानींनी १९६२ मध्ये हे मुलींचं कॉलेज सुरू केलं. चर्चचा संबंध नाही. उलट मुंबईच्या सोफियाच्या नावात 'सेंट' नाही, पण १९४१ मध्ये ते काढलं सेक्रेड हार्ट संघाच्या कॅथलिक सिस्टरांनी. पुण्याचं फर्ग्युसन तर इंग्रजी नावामुळे अनेकांना मिशनरी वाटतं. ते टिळक-आगरकरांच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं, १८८५ चं. नाव तेवढं तेव्हाच्या गव्हर्नराचं.

विल्सन आणि हिस्लॉप ही मिशनऱ्यांची खरी, पण कॅथलिक नव्हेत. जॉन विल्सन आणि स्टीफन हिस्लॉप हे दोघेही स्कॉटलंडहून आलेले प्रॉटेस्टंट. हिस्लॉप नागपूरकडच्या खडकांचा आणि जीवाश्मांचाही जाणकार होता. त्याच्या नावाचं कॉलेज त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये निघालं. आपल्याकडचं अहमदनगर कॉलेजही प्रॉटेस्टंट परंपरेतलं, १९४७ मध्ये डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी उभं केलेलं.

फरक ढोबळ मानाने असा: कॅथलिक रोमच्या पोपना सर्वोच्च धर्मगुरू मानतात, प्रॉटेस्टंट मानत नाहीत. कॅथलिक संस्थेत तुम्हाला अविवाहित फादर आणि सिस्टर भेटतात. प्रॉटेस्टंट संस्थेत पाद्री, आणि त्यांना बायकामुलं असू शकतात. प्रवेशाच्या दृष्टीने या फरकाला वजन आहे, ते पुढे येईल.

म्हणजे पुतणीच्या सहांपैकी तीन कॅथलिक: झेवियर्स, सोफिया आणि नागपूरचं एस. एफ. एस. यातल्या शेवटच्याचं पूर्ण नाव सेंट फ्रान्सिस दि सेल्स. हे फ्रान्सिस सतराव्या शतकाच्या आरंभीचे बिशप, आणि कॅथलिक परंपरेत पत्रकारांचे आश्रयदाते संत. त्यांच्या नावाच्या कॉलेजात शिकलेले माझे दोन मित्र पत्रकार झाले आणि दोघांनाही हे ठाऊक नव्हतं.

नमुना सात: मालक कोण

'चर्चचं कॉलेज' म्हटलं की डोळ्यांपुढे एकच मोठी संस्था येते. प्रत्यक्षात कॅथलिक चर्चमध्ये दोन वेगळ्या व्यवस्था शेजारी-शेजारी चालतात.

एक, धर्मप्रांत. हा नकाशावर आखलेला मुलूख असतो आणि त्याचा प्रमुख बिशप. जिल्हा परिषदेसारखं समजा: हद्द ठरलेली, शाळा हद्दीतल्या. वांद्र्याचं सेंट अँड्र्यूज कॉलेज मुंबईच्या धर्मप्रांताचं.

दुसरी व्यवस्था संघांची. संघ म्हणजे व्रत घेतलेल्या फादरांचा किंवा सिस्टरांचा समुदाय. त्याला जिल्ह्याची हद्द नसते. 'रयत'च्या शाळा जशा साताऱ्यातही असतात आणि रायगडातही, आणि सगळ्यांवर कर्मवीरांची छाप असते, तसं. प्रत्येक संघाचा स्वभाव वेगळा, संस्थापकाने घालून दिलेला. झेवियर्स चालवणारे येशूसंघी फादर, ज्यांना जेझुइट म्हणतात, शिक्षणाच्या बाबतीत जगभर नावाजलेले. हा संघ १५४० मध्ये स्थापन झाला आणि १५९९ मध्ये त्यांनी आपल्या सगळ्या शाळांसाठी एक शिक्षणपद्धतीच लिहून काढली: वर्ग कसे पाडायचे, उजळणी कशी घ्यायची, वादविवाद कसे करवायचे, सगळं.

मराठी वाचकाला हे लोक परके वाटू नयेत. गोव्यात राहून १६१६ मध्ये मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापणारे फादर स्टीफन्स येशूसंघीच होते. त्यांच्यानंतर अडीचशे वर्षांनी, १८६९ मध्ये, मुंबईत धोबी तलावाजवळ सेंट झेवियर्स कॉलेज निघालं. तिथल्या फादर ब्लॅटर यांनी जमवलेला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह पश्चिम भारताच्या वनस्पतिशास्त्रात आजही वापरला जातो, आणि इतिहासाचे फादर हेरास यांच्या नावाची संशोधनसंस्था त्याच इमारतीत आहे.

इंजिनीअरिंगकडे जाणाऱ्यांनी वेगळी नावं लक्षात ठेवावीत. नागपूरजवळचं सेंट व्हिन्सेंट पलोटी पॅलोटाइन फादरांचं. मुंबई-नवी मुंबईतल्या फादर आग्नेल यांच्या नावाच्या संस्था वेगळ्या, डॉन बॉस्को वेगळी. सगळी कॅथलिक, पण एकाचा फॉर्म दुसरीकडे चालत नाही.

'इतर हक्क': सरकार आणि विद्यापीठ

मालक चर्च असला तरी कॉलेजवर मालकी निखळ नसते. पदवी विद्यापीठ देतं. झेवियर्स आणि सोफिया मुंबई विद्यापीठाखाली, एस. एफ. एस. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाखाली. बुलढाणा जिल्ह्यातली कॉलेजं येतात संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाखाली. म्हणजे लोणार-मेहकरला पदवी घेतली काय किंवा फादरांकडे, शिक्का शेवटी सरकारमान्य विद्यापीठाचाच.

यात 'स्वायत्त' हा शब्द गोंधळ घालतो. झेवियर्सला २०१० मध्ये स्वायत्तता मिळाली. म्हणजे अभ्यासक्रम कॉलेज ठरवतं, पेपर कॉलेज काढतं, निकाल कॉलेज लावतं; पण पदवीवर नाव विद्यापीठाचं राहतं. आपल्या भाषेत, चूल वेगळी मांडली, सातबारा अजून आजोबांच्या नावावर. फायदा हा की अभ्यासक्रम लवकर बदलतो. तोटा हा की बाजारातली गाइडं आणि जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच तिथे कामाला येत नाहीत. पाठांतरावर आलेल्या पोराची पहिल्याच सहामाहीत दमछाक होते.

आता पैशाचा मुद्दा. इथे बहुतेक घरं फसतात. एकाच कॉलेजात दोन प्रकारचे अभ्यासक्रम असतात. अनुदानित तुकडीत प्राध्यापकांचा पगार सरकार देतं, म्हणून फी कमी. विनाअनुदानित तुकडीत पगार फीमधून निघतो, म्हणून फी कितीतरी पट. एकाच स्टँडवरून लालपरीही सुटते आणि शिवशाहीही. दोन्हींवर नाव एसटीचंच असतं, तिकीट वेगळं. बी. ए., बी. एस्सी. असे जुने अभ्यासक्रम पुष्कळदा अनुदानित, आणि मास मीडिया, मॅनेजमेंट, आय. टी. अशी नवी नावं बहुधा विनाअनुदानित. आमच्याच नात्यातल्या एका पोराने नाव मोठं म्हणून एका कॉलेजात हौसेने प्रवेश घेतला आणि पहिली पावती हातात आल्यावर घरी फोन केला. त्या वर्षी सोयाबीनचं बियाणं उधारीवर आलं.

पेरणी आणि प्रवेश आपल्याकडे एकाच वेळी येतात. म्हणून 'फी किती?' एवढंच विचारून भागत नाही. 'ही तुकडी अनुदानित का?' हा प्रश्न आधी.

निम्म्या जागांचं कोडं

आता एकोणनव्वद आणि सत्तर.

राज्यघटनेच्या कलम ३० ने धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. पण कलम २९ सांगतं की सरकारी मदत घेणाऱ्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कुणाला प्रवेश नाकारता येणार नाही. दोन कलमं समोरासमोर उभी. संस्था म्हणणार, आमच्या मुलांसाठी काढली तर आमच्या मुलांना आधी का घेऊ नये? बाहेरचा विद्यार्थी म्हणणार, माझ्या बापाने भरलेल्या करातून तुमचे पगार होतात.

दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मधला मार्ग काढला: आपल्या समाजासाठी निम्म्यापर्यंत जागा राखा, उरलेल्या गुणवत्तेवर सगळ्यांना खुल्या ठेवा. पुढे २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायाधीशांच्या पीठाने याचा पुन्हा विचार केला. सरसकट ५० टक्क्यांचा आकडा त्यांनी पक्का धरला नाही, पण आपल्या मुलांना काही जागा आणि बाहेरच्यांनाही वाव, हे तत्त्व कायम राहिलं. महाराष्ट्रात साधारण निम्म्या जागांचा हिशेब चालतो.

उदाहरण घेऊ. समजा, एका तुकडीत १०० जागा. ५० कॅथलिक मुलांसाठी, त्यांची यादी वेगळी. उरलेल्या ५० साठी बाकी सगळे: हिंदू, मुसलमान, बौद्ध, जैन. महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत एक टक्क्याच्याही आत होती. म्हणजे पहिल्या रांगेत माणसं थोडी आणि दुसऱ्या रांगेत अख्खा महाराष्ट्र. पहिली रांग सत्तरला थांबते, दुसरी नव्वदला. एकोणनव्वदवाला सत्तरवाल्याशी हरला नाही. तो नव्वदवाल्याशी हरला, दुसऱ्या रांगेत. सत्तरवाला त्याच्या रांगेत नव्हताच.

पहिल्या रांगेत जागा उरल्या तर त्या पुढे इतरांना मिळतात. म्हणून पहिल्या यादीत नाव नाही म्हणून घरी बसू नये. नागपूरसारख्या शहरात हे अधिक लागू, कारण तिथे कॅथलिक वस्ती वसई किंवा वांद्र्याएवढी दाट नाही. आणि ही रांग कॅथलिकांची की सगळ्या ख्रिस्ती मुलांची, हे प्रत्येक कॉलेज आपल्या माहितीपत्रकात लिहितं. कॅथलिक-प्रॉटेस्टंट फरकाला इथे वजन येतं. आपल्याकडचे बरेच कॅथलिक मराठीच बोलतात, हेही सांगून टाकतो. श्रीरामपूर तालुक्यातल्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते, ती एकदा पाहिलेला माणूस 'ख्रिस्ती म्हणजे वांद्र्याचा इंग्रजी बोलणारा' असं पुन्हा म्हणत नाही. त्या यात्रेत चालत येणाऱ्या शेतमजुराच्या पोरीसाठीही ती पहिली रांग असते.

हा हक्क फक्त ख्रिस्ती लोकांचा नाही. मुंबईचं जयहिंद किंवा के. सी. कॉलेज सिंधी भाषिक अल्पसंख्याक म्हणून असाच कोटा ठेवतं. अल्पसंख्याक कोण हे राज्यागणिक ठरतं, त्यामुळे बेळगावात मराठी माणूसही या कलमाचा आधार घेऊ शकतो.

आता कडू भाग. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही मागासवर्गीयांसाठी जागा राखण्याची वाट मोकळी केली, पण अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळलं. म्हणून आपल्या पोराकडे अनुसूचित जातीचा किंवा ओबीसीचा दाखला असला तरी तिथे त्या प्रवर्गाची राखीव जागा असेलच, असं धरून चालू नका. मला स्वतःला हे वगळणं पटत नाही. दुर्बल समाजांसाठी नाव कमावलेल्या संस्थांनी कायद्याची वाट न बघता तेवढ्या जागा आपणहून ठेवाव्यात, असं वाटतं. पण माझ्या वाटण्याने यादी लागत नाही. शिष्यवृत्ती मात्र वेगळी गोष्ट. ती जातीचा दाखला, उत्पन्न आणि अभ्यासक्रमाची मान्यता यांवर ठरते, आणि महाडीबीटी पोर्टलवर कॉलेज व अभ्यासक्रम दिसतो का ते घरबसल्या बघता येतं.

इंजिनीअरिंगला गणित आणखी वेगळं: सीईटी, मग कॅप फेऱ्या. तिथेही अल्पसंख्याक कोटा असतो, पण बाकी जागांचं वाटप कॉलेजच्या नव्हे, राज्याच्या सीईटी कक्षाच्या हाती.

"अन् धर्म बदलवला त?"

शेजाऱ्यांचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. मुलीला एवढ्या लांब पाठवणारा माणूस तो विचारणारच. उत्तर कलम २८ मध्ये आहे. सरकारमान्य किंवा अनुदान घेणाऱ्या संस्थेत कुणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. विद्यार्थी अठराच्या आतला असेल तर संमती पालकाची लागते. बारावी झालेली बरीच मुलं सतरा वर्षांची असतात, म्हणजे ही किल्ली भाऊच्याच खिशात.

गंमत अशी की कॅथलिक कॉलेजात कॅथलिक धर्म हा विषय शिकायचा म्हटलं तरी सहसा मिळत नाही. फादर होण्यासाठीचं धर्मशास्त्र शिकवणाऱ्या संस्था वेगळ्या. पुण्याचं ज्ञानदीप त्यांतलं एक. झेवियर्सच्या आवारात प्रार्थनामंदिर आहे, ज्याला जायचं तो जातो. बाकीच्यांसाठी मूल्यशिक्षणाचे तास आणि समाजसेवेचे ठरावीक तास असतात. माझ्या मते या कॉलेजांची खरी छाप इथे पडते. झेवियर्समध्ये २००३ पासून दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्र आहे, तेही याच वळणातलं.

आणि भाऊची शिस्त? हजेरी आणि वेळ याबाबत ही कॉलेजं कडक, यात शंका नाही. पण अठरा वर्षांच्या मुलीला सिस्टर सकाळी उठवून अभ्यासाला बसवतील, अशी आशा ठेवू नये. ते काम तिचं.

नमुना बारा: आपल्या पोराचं पीक कोणतं

काळ्या जमिनीत कपाशी जोमात येते म्हणून मुरमाड रानातही ती लावायची नसते. झेवियर्स-सोफियात शिकवणं इंग्रजीतून. मराठी माध्यमातून आलेलं पोर तिथे टिकतं, मी टिकलेली पाहिली आहेत, पण पहिले सहा महिने वर्गात हात वर करायला जीव धजत नाही. झेवियर्समध्ये मराठी वाङ्मय मंडळ आहे. अशा पोराने पहिल्या आठवड्यातच ते शोधावं. पुष्कळांचा पहिला मित्र तिथेच मिळतो.

मुंबईत फीपेक्षा राहणं महाग. वसतिगृहाचा अर्ज आणि कॉलेजचा अर्ज वेगळे असतात, तारखाही वेगळ्या. नागपूर समृद्धी महामार्गामुळे आता जवळ आलं आहे. सेमिनरी हिल्सवरचं एस. एफ. एस. १९५६ पासून आहे. वर्गात विदर्भातली मुलं भरपूर असतात, 'काऊन बे' म्हटलं तर कुणी वळून बघत नाही. नावाचा झगमगाट झेवियर्सचा जास्त, हे खरं. पण पहिल्यांदा गाव सोडणाऱ्या पोराला मी आधी नागपूर सुचवतो आणि पदव्युत्तर शिक्षणाला मुंबई.

चौकट: फोन करून एवढं विचारा

कॉलेज कोणत्या संघाचं किंवा धर्मप्रांताचं? अल्पसंख्याक कोटा किती आणि कुणासाठी?
मला हवी ती तुकडी अनुदानित की विनाअनुदानित? वर्षाची एकूण फी, परीक्षा आणि प्रयोगशाळा धरून, किती?
मागच्या वर्षी बिगर-कॅथलिक मुलांची शेवटची यादी कितीवर थांबली? (पहिली नव्हे, शेवटची.)
महाडीबीटीवर हा अभ्यासक्रम आहे का?
वसतिगृहाचा अर्ज कधी निघतो?
विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी नोंदणी करावी लागते का? मुंबईत ती लागते, आणि ती नसेल तर कॉलेजचा फॉर्म धरत नाहीत.

पुतणीचं काय झालं

वहीतली तीन नावं तिने त्याच दिवशी खोडली. हिस्लॉप राहू दिलं, कॅथलिक नसलं तरी. तिला भूगर्भशास्त्र हवं होतं आणि लोणारच्या सरोवराजवळच्या गावात वाढलेल्या मुलीने ते मागणं साहजिकच. झेवियर्सचा आणि एस. एफ. एस.चा फॉर्म भरला. दुसऱ्या शेजाऱ्यांनी विचारलं, "मंग पहिल्या रांगेत आपल्याले उभं राहता येत नाही?" मी म्हटलं, नाही. "अन् दुसऱ्या रांगेत?" तिथे सगळेच उभे असतात.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. उत्पन्नाचा दाखला काढलेला नव्हता आणि निकालाच्या आठवड्यात सेतू केंद्रावर सकाळपासून रांग. ज्यांच्या घरी यंदा बारावी आहे त्यांनी उत्पन्न, जात, नॉन-क्रीमीलेअर आणि अधिवासाचे दाखले एप्रिल महिन्यातच काढून ठेवावेत. उत्पन्नाचा दाखला तेवढा नव्या आर्थिक वर्षाचा घ्यावा.